सोड्यानं खाल्लेले हात

हाताला भेगा पडल्या की शेजारच्या बायका माझ्याकडे येतात. मी सांगते, भांड्याची पावडर बंद करा, कढत पाण्यात हात घालू नका, सुटलेली साल ओढू नका, ओल्या हाताला खोबरेल लावा आणि गप्प बसा. "एवढंच?" म्हणतात. त्यांना लावायला काहीतरी हवं असतं. सोडायला सांगितलेलं कुणाला आवडत नाही. मलाही आवडलं नव्हतं. पण माझे हात असे गेले होते की माझ्या हातची भाकरी खायला माणूस राहिलं नव्हतं, तेव्हा ऐकावं लागलं.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. मी नगरला मुलींच्या एका बोर्डिंगात स्वयंपाकाला होते. नवऱ्यानं दुसरी केली होती. मला मूलबाळ नव्हतं, भांडत बसण्यात अर्थ नव्हता, मी निघाले. माहेर सोनईच्या अलीकडे, तिथं भाऊ आणि भावजय. त्यांच्या घरात मी पाहुणी म्हणून बरी होते, राहायला आले की जड व्हायचे. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरामागे एक खोली होती, ती कामाबरोबर मिळायची. काम गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की भावाचा उंबरा. याचा विचार मी फार करत नव्हते, पण विसरतही नव्हते.

स्वयंपाकाला आम्ही दोघी. दुसरी माझ्याहून मोठी, राहात्याकडची, विधवा. मी तिला अक्का म्हणायची. ती कालवण करायची, मी भाकरी. साठेक मुली होत्या. त्यांचं वाढून झालं की आम्ही दोघी चुलीपुढं एकाच ताटात जेवायचो. ती माझी भाकरी मोडायची आणि म्हणायची, "भाकर बरी हाय, पर तुझ्या तोंडावानी कडक हाय." मी म्हणायची, "तुझ्या कालवनात बुडव, मऊ व्हईल. नुसतं पानीच हाय त्यात." एवढंच आमचं बोलणं. पण ते रोज असायचं.

दुष्काळात भांडी घासणारी बाई खडी फोडायच्या कामावर निघून गेली. तिच्या जागी कुणी आलं नाही. अक्काचे गुडघे धरलेले, तिला उकिडवं बसता येईना, म्हणून भांडी माझ्याकडे आली. पाणी टँकरचं. राखेनं भांडं घासलं तर विसळायला पाणी जास्त लागतं. धुण्याचा सोडा घातला तर तेलकट भांडं एका पाण्यात निघतं. मी मोठ्या पातेल्यात कढत पाणी घ्यायची, मूठभर सोडा टाकायची आणि कोपरापर्यंत हात घालून बसायची. ते पाणी बोटांना बुळबुळीत लागतं. मला वाटायचं हात स्वच्छ होताहेत. ती बुळबुळ म्हणजे माझीच कातडी सुटत होती.

त्यात भाकरी मिलोची. रेशनला तेव्हा तीच लाल ज्वारी यायची, परदेशातली. त्या पिठाला चिकटपणा नाही. उकळतं पाणी ओतून, वाफ निघत असतानाच मळावं लागतं. जरा गार झालं की थापताना चारी बाजूंनी चिरतं. म्हणजे सकाळी पोळत्या पिठात हात, दुपारी सोड्यात, संध्याकाळी पुन्हा पिठात, पुन्हा सोड्यात. मधे पुसायचे ते गोणपाटाला.

बाकीच्या खोडी माझ्या मीच लावून घेतलेल्या. तव्याची काजळी बोटांच्या पेरात बसायची, ती मी विटेच्या तुकड्यानं काढायची. वजरी टाचेसाठी असते, मी ती तळहातावर फिरवायची. थंडीत हात जाळावर धरायची, कातडी ताणून वाळल्या कागदासारखी वाजेल असं वाटेपर्यंत. आणि नखाजवळ साल सुटली की ती दातानं ओढायची. बोलायला कुणी असलं की माणूस बोलतं. मी साल ओढायची.

संक्रांतीच्या सुमारास भेगा पडल्या. आधी अंगठ्याच्या बेचक्यात, मग सगळ्या पेरांवर. पीठ आत जायचं आणि चुरचुरायचं. एकदा भाकरी परतताना बघितलं तर तिच्यावर रक्त लागलेलं. मिलो लालच, कुणाला कळलं नसतं. मी ती भाकरी बाजूला काढली आणि माझ्या ताटात घेतली. त्या दिवशी अक्काला वेगळी दिली. तिनं विचारलं नाही.

आता भेगेवर काय लावतात हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे टाचेला भेग पडली की बिब्बा लावतात. बिब्बा दाभणाला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की थेंब भेगेत सोडायचा. चटका बसतो, काळं होतं, भेग बुजते. नांगरटीत उघड्या पायांनी फिरणारी माणसं वर्षानुवर्षं हेच करतात. मला वाटलं, टाच काय आणि हात काय, भेग ती भेग. रविवारी दुपारी मुली झोपल्यावर मी दोन्ही हातांच्या भेगा बिब्ब्यानं भरून काढल्या. काम नीट केलं. एक भेग सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. हात सुजले, बोटं मिटेनात, फोड आले, फोडांतून पाणी. खाज अशी की भिंतीला हात घासावेत. अक्कानं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आगं बया, बिब्बा हाताला लावत्यात व्हय? टाच म्हशीच्या कातडीची आसती. हात काय म्हशीचा हाय का तुझा?"

"काम म्हशीचंच हाय की."

"बोल, अजून बोल. जीब तेवढी उतली न्हाई."

तिनं खोबरं किसलं, चावून मऊ केलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या हाताला चोळलं. तीन-चार दिवस माझ्या भाकरी तिनं थापल्या. हे लिहायला हवं, कारण पुढं जे झालं तेही मी लिहिणार आहे.

सूज उतरली. मग कातडी निघायला लागली. चट्ट्याचट्ट्यांनी निघाली. काही ठिकाणी बिब्ब्याचे काळे डाग, काही ठिकाणी लालसर, काही ठिकाणी पांढरं. मी तशीच भाकरीला बसले. एका मुलीची आई तिला भेटायला आली होती, ती पंगतीजवळ उभी राहून बघत होती. मी वाढत आले तशी ती म्हणाली, "मावशी, हाताला काय झालंय?"

"बिब्बा उतला."

"बिब्ब्यानं काळं पडतं. पांढरं न्हाई पडत." तिनं आपल्या मुलीचं ताट मागं ओढलं. "आमच्या गावात एकाचं असंच सुरू झालतं. आदी बोटं. मग वेशीभाईर झोपडी."

शब्द तिनं उच्चारला नाही. उच्चारायची गरज नव्हती. महारोग हा शब्द पंगतीत न बोलताही सगळ्यांना ऐकू गेला. त्या संध्याकाळी मुलींनी ताटं अशी धरली की भाकरी मी वरून टाकावी. लहान मुली तेवढ्या पूर्वीसारख्या धरत होत्या, त्यांना मोठ्यांनी कोपरानं ढोसून शिकवलं. आणि अक्कानं आपलं ताट वेगळं घेतलं.

"मिलो दाताला झेपत न्हाई गं माझ्या," ती म्हणाली. "भात खाते आपला."

कालपर्यंत झेपत होता.

मग मी काय करावं? मी हात धुवायला लागले. पंगतीच्या आधी, सगळ्यांना दिसेल असं, मोरीच्या तोंडाशी बसून. पाणी मोजकं, म्हणून सोडा कोरडाच हातावर घेऊन चोळायची. हात जितके घासावे तितके लाल व्हायचे, जितके लाल दिसायचे तितक्या मुली मागं सरायच्या, आणि मी पुन्हा घासायची. कुणी दुसरी करत असती तर तिला मी खुळी म्हटलं असतं.

बोर्डिंग सांभाळणाऱ्या बाई होत्या, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी बोलावलं. टेबलापलीकडून म्हणाल्या, "हात दाखव." मी दाखवले. त्यांनी लांबूनच बघितले. वाईट बाई नव्हती, पण लांबून बघितले.

"सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांकडून लिहून आण. तोवर चुलीजवळ येऊ नको."

"आणि खोली?"

"खोलीत राहा. जूनमध्ये शाळा उघडते. तोपर्यंत हात नीट झाले तर जागा तुझी. नाही झाले तर मला दुसरी बाई बघावी लागेल आणि तिला खोली द्यावी लागेल."

स्पष्ट बोलल्या ते बरं झालं. गोडीत सांगितलं असतं तर मला समजायला वेळ लागला असता.

दवाखान्यात मी हात पदराखाली घेऊन बसले. डॉक्टर बाईमाणूस होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी माझे हात आपल्या हातात घेतले. बऱ्याच दिवसांत कुणी घेतले नव्हते, त्यामुळे मी ते ओढून घेतले. त्यांनी पुन्हा घेतले.

"डोळे मीट. कापूस लागला की लागला म्हण."

"लागला."

"इथं?"

"लागला."

"इथं?"

"लागला की."

मग सुई टोचली. मी ओरडले.

"ओरड, ओरड," त्या म्हणाल्या. "महारोगाच्या चट्ट्याला सुई टोचलेली कळत नाही. तुला सगळं कळतंय. डोळे उघड. काय लावलंस यावर?"

मी सांगितलं. सोडा, वीट, वजरी, जाळ, बिब्बा. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, जसा मास्तर गणित चुकलेल्या पोराची पाटी बघतो.

"हात धुतेस किती वेळा?"

"लोक बघत असतील तेव्हा."

त्या म्हणाल्या, "कातडी म्हणजे कळकट तवा नव्हे, घासून उजळायला. तू घासतेस ती वरची साय. साय काढली की दूध उघडं पडतं. सोडा बंद. साबण बंद. गार पाण्यानं धुवायचे, तेही गरजेपुरते. पुसताना घासायचं नाही, फडक्यानं टिपायचं. ओलसर असतानाच खोबरेल लावायचं. रात्री हे मलम लावून सुती फडकं गुंडाळायचं. साल सुटली तर कात्रीनं कापायची, ओढायची नाही. आणि चूल नाही, भांडी नाहीत, पीठ नाही."

"मग करू काय?"

"काही नाही."

"काही नाही कसं करतात?"

त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

कागद मी मोठ्या बाईंना दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला. "हे मला पटलं. पण साठ मुलींना कागद वाचून दाखवू का मी? त्यांना हात दिसतो." भाकरीला तात्पुरती एक बाई आणली. मी खोलीत गेले.

एक हात दुसऱ्या हाताला तेल लावू शकतो. पण दोन्ही हातांना फडकी बांधायची तर एक माणूस कमी पडतं. उजव्या हाताला डाव्यानं बांधायची, मग डाव्याला बांधायला उजवा नुसता गुंडाळलेला गोळा. गाठ दातांनी ओढायची. वेणी घालता येईना. केसांचा गुंता झाला, मी तो पदराखाली झाकला. लुगड्याची गाठ सैल व्हायची. अशा वेळी बाजूला कुणी असेल तर तो हात पुढे करतो, मागावं लागत नाही. मागायचं म्हटलं तर कुणाला मागू? अक्का ताट आणून उंबऱ्यावर ठेवायची, पळीनं ताटाची कड वाजवायची आणि मी उठायच्या आत निघून जायची. मी एकदा आतून म्हटलं, "कुत्र्याला पन नावानं हाक मारत्यात, अक्का."

ती थांबली. "कुत्रं चावतं, म्हनून हाक मारत्यात," म्हणाली आणि गेली.

भिंतीपलीकडे भाकरी थापल्याचा आवाज यायचा. नव्या बाईचा हात बसलेला नव्हता, थाप एकसारखी पडत नव्हती. मला राग यायचा. ऐकून ऐकून बोटं आपोआप हलायची आणि फडक्यात भेगा उकलायच्या. मग मी उठून आवाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची, तिथं आवाज येत नव्हता.

महिनाभरात हात सुधारले असते. पण एक दिवस टाकीच्या नळाजवळ दोन मुली पाणी भरत होत्या, मला बघून एकीनं घागर पदराआड घेतली. नाकाला पदर लावला असता तर एक वेळ चाललं असतं. पाण्यावर माझी सावली पडू नये असं तिनं केलं. मी खोलीत आले, फडकी सोडली, सोड्याची पुडी अजून कोनाड्यात होती, आणि मी हात धुतले. खोलीत कुणी बघत नव्हतं तरी धुतले. संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा उकललं.

डॉक्टरांनी हात बघितले आणि कागदावर काही लिहिलं नाही.

"धुतलेस."

"हो."

"हे हात लोकांना दाखवायला धुतेस, की बरे व्हायला?"

त्यांनी मलमाची नवी डबी दिली आणि म्हणाल्या, "सोड्याची पुडी फेकून दे. घरात असली की तुझा हात तिच्याकडे जाईल." मी परत आल्यावर ती कुणाला देऊनही टाकली नाही, गटारात ओतली.

चैत्रात भाऊ आला. कुणीतरी गावाकडे बातमी पोचवली होती. मी "दादा, आत ये" म्हटलं. तो दारातच टेकला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बरी हाय का गं?"

"बरी हाय. महारोग न्हाई. डाक्टरीन म्हनाली."

"म्या कुटं म्हनलं हाय म्हनून?" त्यानं अंगणाकडे बघितलं. "घरी चल म्हनलं आसतं. पर पोरं बारकी हायेत. आन तुज्या भावजयचं तुला ठावं हाय."

"ठावं हाय."

"तू वाईट वाटून घिऊ नको."

"न्हाई घेत. पानी पितो का?"

मी तांब्या भरला. फडकी बांधलेल्या दोन हातांत धरून आणला. तो म्हणाला, "आत्ताच पिलो, स्टँडावर." ऊन असं होतं की त्याचे ओठ वाळले होते. तो गेल्यावर मी ते पाणी तुळशीला घातलं नाही की काही नाही, दुष्काळात पाणी कोण टाकतं, मीच प्याले. एवढं मात्र कळलं की जूनमध्ये हात नीट झाले नाहीत तर सोनईच्या एसटीत बसायचंही कारण राहिलेलं नाही.

मग सुट्टी लागली. मुली गावी गेल्या, अक्का राहात्याकडे गेली, तात्पुरती बाई गेली, मोठ्या बाई पुण्याला बहिणीकडे. फाटकावर एक राखणदार, तो दिवसभर लिंबाखाली निजलेला. एवढ्या मोठ्या आवारात मी एकटी. ओट्यावर उन्हाची तिरीप सरकताना बघायची. स्टोव्हवर पातेल्यात भात टाकायचा, चमच्यानं खायचा. दुपारी कावळा यायचा, त्याच्याशी मी बोलत नव्हते. मला कावळ्यांशी बोलणाऱ्या बायका आवडत नाहीत. पण तो आला नाही त्या दिवशी मी दोनदा बाहेर येऊन बघितलं.

हात त्या सुट्टीत बरे झाले. मला पुढं बऱ्याच वर्षांनी त्याचं कारण समजलं. मलम तेच होतं, तेल तेच. फरक एवढाच की बघायला कुणी नव्हतं. दाखवायचं नव्हतं म्हणून धुवायचं नव्हतं. आंघोळीनंतर हात टिपायची, ओलसर असतानाच तेल जिरवायची आणि मांडीवर ठेवून द्यायची. पहिले काही दिवस मांडीवरचे हात बघवत नसत. कुणीतरी आपल्याकडे ठेवून गेल्यासारखे वाटायचे. मग सवय झाली. बोट दातांकडे जायचं तेव्हा तोंडात बडीशेप धरायची. कुणाला सांगू नका, पण त्या वेळी मी बडीशेप इतकी खाल्ली की अजून तिचा वास नको वाटतो.

भेगा तळापासून भरत आल्या. वरून झाकल्या नाहीत, तळापासून भरल्या, हे महत्त्वाचं, कारण बिब्ब्यानं त्या वरून झाकल्या होत्या. पांढरे चट्टे आधी गुलाबी झाले, मग हळूहळू बाकीच्या हातासारखे. नवी कातडी पातळ, तान्ह्या पोराच्या टाळूसारखी. काळे डाग राहिले. ते पुढं वर्ष-दीड वर्ष राहिले.

डॉक्टर म्हणाल्या, "आता कर भाकरी. पण पाणी ओतल्यावर पीठ आधी उलथन्यानं कालव, निवू दे, मग हात घाल. आणि भांड्यांना दुसरी बाई मागून घे."

"मिलो निवला की चिरतो."

"मग चिरू दे. हात चिरण्यापेक्षा भाकरी चिरलेली बरी."

हे मी मोठ्या बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हात बघितले. या वेळी टेबलावरून वाकून, जवळून. भांड्यांना बाई ठेवली, सोडा स्वयंपाकघरातून बंद केला, राख आणि शिकेकाईचा चोथा चालू झाला. पाणी जरा जास्त लागलं, त्यांनी लागू दिलं. खोली माझीच राहिली.

पहिल्या दिवशी सकाळी मी थापायला बसले तेव्हा भाकरी खरंच चिरली. हात विसरले होते. तिसरी-चौथी जमली. वाढताना दोन रांगा लागल्या, एक माझ्याकडे आणि एक अक्काकडे, कारण अक्कानंही त्या दिवशी आपणहून तवा टाकला होता. माझ्या रांगेत कुणी नव्हतं. मी टोपलं पुढ्यात घेऊन बसून राहिले. मग दुसरीतली एक चिमुरडी आली.

"तिकडं जा, तुझ्या मैतरनी तिकडं हायेत," मी म्हटलं.

"तिकडं लई गर्दी हाय," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

तिनं भाकरी हातात घेतली, फुंकली, आणि रांगेतल्या मोठ्या मुलींकडे बघत उभ्या उभ्या खाल्ली. त्यांच्या ताटात अजून काही पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार आल्या. कागदानं जे झालं नव्हतं ते भुकेनं आठवड्यात केलं. माझी भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायची, अक्काची टोपल्यात थांबून गार व्हायची. मुलींना गरम हवी होती. आषाढापर्यंत साऱ्या माझ्याकडे होत्या आणि अक्कानं तवा उतरवून ठेवला. मला आनंद झाला का? झाला. पण मी तो कुणाला दाखवला नाही, आणि दाखवायला कुणी नव्हतंही.

अक्का मात्र माझ्या हातचं खाईना. वाढप झालं की ती शेवटी आपल्यापुरती एक भाकरी थापायची, माझ्याच तव्यावर. मी सरकून जागा द्यायची. तिनं कधी वाईट शब्द काढला नाही. माझे डाग गेले तेव्हा तिनंच सांगितलं, "ग्येले गं, पार ग्येले." हातात हात घेऊन बघितले सुद्धा. पण जेवायची वेळ आली की तिचं ताट तिकडं, माझं इकडं. मी एकदाच विचारलं.

"अक्का, आता काय भ्या हाय?"

"भ्या न्हाई गं." तिनं निखारे मागं ओढले. "मनाला कळतं. घशाला कळत न्हाई."

मी पुन्हा विचारलं नाही. खोटं बोलली असती तर भांडता आलं असतं.

आम्ही अशा बरीच वर्षं एका चुलीवर काम केलं. एका पावसाळ्यात तिला हिवताप आला. दोन दिवस तिनं काही खाल्लं नव्हतं. मी दुपारी ज्वारीच्या कण्या शिजवल्या, ताक घातलं, लसणाची पाकळी ठेचून टाकली. वाटी घेऊन तिच्या खाटेजवळ गेले. तिचे डोळे तापानं लाल होते.

"कन्या हायेत. चार घास घे."

"ठिव तितं," ती म्हणाली. "जरा वेळानं खाते."

मी वाटी खाटेखाली ठेवली, वर झाकणी ठेवली आणि भाकरीला गेले. संध्याकाळी मुली जेवून उठल्यावर परत आले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती. झाकणी मी ठेवली तशीच होती. आत कण्यांवर साय धरली होती.

मी वाटी उचलली, चुलीपाशी आले आणि उभ्या उभ्या त्या थंड कण्या खाल्ल्या. मीठ बरोबर पडलं होतं.